भाजलेल्या जखमेवर पीआरपी: आधी काय, त्या दिवशी काय, नंतर काय

दिवाळी सरली की आमच्याकडे, सिंधुदुर्गात, घरोघरी परड्यात भात उकडायला घेतात. वर्षभराच्या उकड्या तांदळाची ती तयारी. तीन चिऱ्यांची चूल, तिच्यावर काठोकाठ भरलेला टोप, आणि तो उतरवायला दोन जुनी फडकी. त्या दिवसांत आमच्या दवाखान्यात पोळलेले हात हमखास येतात.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक काकी आली. डावा हात कोपराखालून थेट बोटांच्या मुळांपर्यंत पोळलेला, आणि पोळून बारा दिवस उलटलेले. मधल्या काळात खोबरेल आणि हळदीचा लेप. सोबत मुंबईहून धावत आलेला मुलगा. त्याचा पहिलाच प्रश्न, "सिस्टर, तुमच्याकडे पीआरपी करतात का?" पीआरपी म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. मोबाईलवर त्यानं सगळं वाचलं होतं. काकीला मात्र काही कळेना, म्हणून मी सांगत बसले की तुमच्याच दंडातलं रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, त्यातला एक भाग वेगळा करायचा आणि तो जखमेवर सोडायचा. काकीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमचाच रगत आमकाच लावतलास? मगे पैशे कित्याक?"

प्रश्न अगदी रास्त होता. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. ड्रेसिंगच्या टेबलापाशी उभं राहून मला बावीस वर्षं झाली, आणि आता दर दोन महिन्यांनी कुणीतरी पीआरपीचं नाव काढतंच. पीआरपी घरी करायची गोष्ट नाही. पण ती कधी उपयोगी पडते, तिच्याआधी काय व्हायला हवं आणि त्या खोलीत काय चालतं, हे घरच्यांना माहीत असलं की निम्मे घोटाळे टळतात.

आधी पाणी

पीआरपीच्या लेखात पाण्याची गोष्ट कशाला, असं वाटेल. पण जखम किती खोल जाणार हे पहिल्या अर्ध्या तासात पुष्कळसं ठरतं, आणि तिथे चुकलेलं पुढे कोणतंही इंजेक्शन पूर्ण भरून काढत नाही.

भाजल्याबरोबर साध्या गार वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं. घड्याळ लावून २०, अंदाजानं नव्हे. नळ नसेल तर विहिरीवर जा आणि कळशीनं संथ धार धरत राहा. लगेच जमलं नाही तरी पहिल्या तीन तासांत कधीही केलं तर फायदा होतो. बर्फ नको, त्यानं त्वचेचा रक्तपुरवठा आणखी आखडतो. लहान मूल असेल किंवा बराच भाग भाजला असेल तर फक्त भाजलेल्या जागेवर पाणी घाला आणि बाकीचं अंग पांघरुणात ठेवा, नाहीतर पोर गारठतं.

पाणी घालत असतानाच बांगड्या, अंगठ्या, जोडवी, मनगटाचे दोरे काढून घ्या. तासाभरात हात सुजतो आणि मग काकणं कापावी लागतात. फोड घरी फोडू नका. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप, अंड्याचा बलक, यातलं काहीही लावू नका. त्यानं जखमेत जंतू तर शिरतातच, शिवाय डॉक्टरला जखमेचा खरा रंग दिसत नाही, आणि जखमेचा रंग हेच तर आमचं निदान. स्वच्छ धुतलेल्या, इस्त्री केलेल्या सुती कापडात हात सैल गुंडाळा आणि निघा.

काजूवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. काजूच्या टरफलातलं तेल त्वचेला आगीसारखंच जाळतं, पण ते चिकट असल्यामुळे नुसत्या पाण्यानं निघत नाही. आधी कापडानं टिपून घ्या, मग साबण आणि भरपूर पाणी.

चेहरा, हात, पाय, सांधा किंवा जननेंद्रियाचा भाग भाजला असेल, विजेचा धक्का किंवा रसायन असेल, धूर छातीत गेला असेल, तर जखम छोटी दिसली तरी घरी थांबू नका. मोठ्या माणसाचं १५ टक्क्यांहून आणि मुलाचं १० टक्क्यांहून जास्त अंग भाजलं असेल तर थेट १०८ बोलवा. सिंधुदुर्गातल्या माणसाची मोठ्या दवाखान्याची वाट एक तर गोव्यात बांबोळीला जाते, नाहीतर घाट चढून कोल्हापूरला. दोन्हीकडे वेळ लागतो. म्हणून निघण्यापूर्वी जवळच्या दवाखान्यात सलाईन सुरू करून, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊनच पुढे जावं.

जखम किती आणि किती खोल

टक्के मोजायची सोपी रीत अशी: रुग्णाचाच तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण १ टक्का. मोठ्या माणसात एक अख्खा हात ९ टक्के, एक पाय १८, छाती-पोट मिळून १८, पाठ १८, डोकं ९. नुसती लाल झालेली, फोड न आलेली त्वचा यात धरायची नाही.

खोली ओळखणं अवघड आहे, आणि पहिल्या दिवशी तर आम्हीसुद्धा चुकतो. ढोबळ खुणा सांगते. वरवरची जखम लाल, झोंबणारी, आठवड्याच्या आत बरी. त्याखालची फोडांची, ओली, गुलाबी, हात लावू देत नाही, बोटानं दाबलं की पांढरी होऊन परत गुलाबी होते. ही नीट सांभाळली तर दोन आठवड्यांत भरते. त्याहून खोल गेली की रंग फिका किंवा चट्ट्याचट्ट्यांचा होतो, दाबल्यावर फारसा बदलत नाही, आणि दुखणं उलट कमी होतं. सगळ्यात खोल जखम पांढरी किंवा चामड्यासारखी कडक, आणि टोचलं तरी कळत नाही. "आता दुखत नाही, बरं वाटतंय" असं रुग्ण म्हणाला की घरचे सुस्कारा सोडतात आणि आमच्या पोटात गोळा येतो.

तीन आठवड्यांत न भरणारी जखम जाड, खाजरा, आखडणारा व्रण मागे ठेवण्याची शक्यता फार. म्हणून दहाव्या ते चौदाव्या दिवशी शल्यचिकित्सकानं जखम नीट पाहून ठरवायचं असतं की ही आपली आपण भरेल, हिला मदत लागेल, की सरळ मांडीची पातळ त्वचा काढून लावायची. पीआरपीचा विचार इथे येतो.

पीआरपी म्हणजे नेमकं काय

रक्तात प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी असतात. मराठीत बिंबाणू म्हणतात, पण डेंग्यूच्या साथींनी प्लेटलेट हा शब्द घराघरात पोचवला आहे. निरोगी माणसात एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख. जखम झाली की त्या तिथे गोळा होऊन रक्त थांबवतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यांच्या पोटात बारीक पिशव्याही असतात आणि त्या फुटल्या की वाढीला चालना देणारी प्रथिनं बाहेर पडतात: नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारी, तंतू विणणाऱ्या पेशींना बोलावणारी, कडेची कातडी आत सरकवणारी. प्लेटलेट-रिच प्लाझ्मा म्हणजे त्याच प्लेटलेट थोड्या रक्तद्रवात दाटीनं भरलेल्या, मूळ रक्ताच्या तिप्पट ते पाचपट. कुणाची मोजणी २ लाख ४० हजार असेल आणि चौपट दाट झाली तर ९ लाख ६० हजार. दहा लाखांच्या आसपास गेलं की तयारी चांगली उतरली असं मानतात.

ही युक्ती कालपरवाची नाही. १९९८ साली रॉबर्ट मार्क्स या अमेरिकन डॉक्टरांनी जबड्याच्या हाडांच्या शस्त्रक्रियेत तिचे निकाल छापले आणि मग ती दंतवैद्यांकडून गुडघ्यांकडे, केसांकडे आणि जखमांकडे पसरली. केसांसाठी करतात तीच ही पीआरपी, हो.

आता पुरावा. भाजलेल्या जखमांवरचे लहान लहान अभ्यास पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशांत जखम काही दिवस लवकर भरल्याचं दिसतं. पण नेदरलँड्समधून २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात एकाच रुग्णाच्या दोन सारख्या खोल जखमा निवडून दोन्हींवर त्वचा लावली, एकीखाली पीआरपी घातली, दुसरीखाली नाही. ५२ रुग्ण. त्वचा धरण्यात किंवा वर्षभरानंतरच्या व्रणात लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. मी यातून एवढंच घेते: खोल जखमेला त्वचारोपण लागणार असेल तर पीआरपी त्याला पर्याय नाही. मधल्या, रेंगाळलेल्या, हाताच्या पंजाएवढ्या जखमेला ती ढकलायला मदत करू शकते. "पीआरपी करून बघू, मग ऑपरेशनचं ठरवू" असं म्हणत कुणी महिना घालवत असेल तर तो महिना रुग्णाच्या सांध्यातून वसूल होतो.

अंगाचा मोठा भाग भाजला असेल तर पहिल्या आठवड्यात पीआरपीचा विषयच काढू नका. एक तर अशा रुग्णाच्या प्लेटलेट सुरुवातीच्या दिवसांत आपोआप घसरलेल्या असतात. दुसरं साधं गणित: ३० मिलिलिटर रक्तातून हाती लागते जेमतेम ३-४ मिलिलिटर पीआरपी. पाठभर जखमेला ती कुठे पुरणार?

कुणाला नको

प्लेटलेट एक लाखाच्या खाली असतील, हिमोग्लोबिन बरंच कमी असेल, ताप आणि जंतुसंसर्ग असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर पीआरपी नाही, किंवा त्या त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. गरोदरपणात शक्यतो पुढे ढकलतात.

दुखण्याच्या गोळ्यांचं मात्र कुणी आपणहून सांगत नाही. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी प्लेटलेटचं काम मंदावतं. अ‍ॅस्पिरिन घेतलेली प्लेटलेट तर तिच्या उरलेल्या आयुष्यात, म्हणजे आठ-दहा दिवस, सुधारत नाही. आदल्या आठवड्यात दुखलं तर पॅरासिटामॉल. पण हृदयासाठी रोजची अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती आपल्या मनानं बंद करायची नाही, हे दहादा सांगते.

आणि मशेरी. काकीच्या कमरेला डबी होतीच. तंबाखूमुळे बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि नवी त्वचा उपाशी राहते. सिगारेट ओढणाऱ्याला डॉक्टर ओरडतात. मशेरी लावणाऱ्या बाईला कुणी विचारतही नाही. विचारा.

जखमेची जमीन तयार करणं

तरवा कितीही जोमदार असो, चिखलणी नीट झाली नसेल तर लावणी उभी राहत नाही. पिवळ्या मेलेल्या पापुद्र्यावर ओतलेली पीआरपी तशीच वाया जाते.

काकी बाराव्या दिवशी आली, पीआरपी झाली एकविसाव्या दिवशी. मधले नऊ दिवस आम्ही हेच केलं. रोज सलाईननं धुणं. हळदीचा घट्ट बसलेला थर भिजवून सोडवणं, त्यालाच तीन दिवस गेले. शल्यचिकित्सकानं भूल देऊन मेलेला भाग खरवडला. जखमेचा नमुना जंतूंच्या तपासणीला पाठवला. साखर तपासली, काकीची जेवणानंतरची २४० निघाली आणि ती तिला पहिल्यांदाच कळली. साखर चढलेली असताना कुठलीच जखम नीट भरत नाही, म्हणून आधी तिचे उपचार सुरू केले.

चांदीचं पांढरं मलम भाजल्यावर सगळीकडे लावतात. सुरुवातीला ते ठीक, पण जखम स्वच्छ झाल्यावरही तेच चोपडत राहिलं तर नवी त्वचा यायला उशीर होतो. पीआरपीच्या आधी ते बंद करून शेवटचा कण धुऊन काढायला हवा.

आणि जेवण. पोळलं की आमच्याकडे पहिलं काय होतं तर मासे आणि अंडी बंद, कारण म्हणे पू होतो. खरं तर भाजलेल्या माणसाला प्रथिनं एरवीपेक्षा जास्त लागतात, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला दीड ते दोन ग्रॅम. ५० किलोच्या बाईला किमान ७५ ग्रॅम. शंभर ग्रॅम बांगड्यात वीसच्या आसपास, एका अंड्यात सहा, बाकी कुळथाची पिठी, डाळ, दूध. नुसत्या पेजेवर आणि लोणच्यावर ही बेरीज होत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरला विचारून.

तयार जमीन कशी ओळखायची? रंग ताज्या गोमांसासारखा, असं पुस्तकात लिहितात. मी घरच्यांना पिकलेल्या रातांब्याच्या सालीचा लाल सांगते. दाणेदार, ओलसर, वास नाही, हलकं पुसलं तर टिपूस रक्त येतं. हे दिसलं की तारीख ठरवायची.

त्या दिवशी

रुग्णानं हलकं खाऊन, भरपूर पाणी पिऊन यावं. उपाशी आणि सुकलेल्या माणसाची शीर सापडत नाही, आणि शीर हुडकत चार ठिकाणी टोचलं की प्लेटलेट नळीत पोचण्याआधीच कामाला लागतात.

रक्त जाडशा सुईनं, एका ओढीत, सावकाश काढायचं. नळ्यांच्या झाकणांवर लक्ष द्या. यासाठी रक्त गोठू न देणारं सायट्रेट असलेल्या नळ्या लागतात, निळ्या झाकणाच्या, किंवा एसीडी-ए द्रावणाच्या, बहुधा पिवळ्या झाकणाच्या. जांभळ्या झाकणाची नळी रोजच्या रक्ततपासणीसाठी असते. तिच्यातल्या द्रव्यानं प्लेटलेटचा आकार बिघडतो, म्हणून ती इथे टाळतात. नळी पाच-सहा वेळा अलगद उलटीपालटी करायची. हलवायची नाही. नवी मुलगी पहिल्या दिवशी खोकल्याच्या औषधासारखी नळी हलवते, आणि आम्ही ती बाजूला ठेवून परत रक्त काढतो.

मग फिरवणं, दोनदा. पहिली फेरी हलकी, साधारण १० मिनिटं. थांबल्यावर नळी हळूच वर काढून उजेडाकडे धरली की तीन थर दिसतात: तळाशी गडद लाल, वर पेजेच्या निवळासारखा पिवळसर रक्तद्रव, आणि मध्ये दुधावरच्या कोवळ्या सायीएवढा पांढुरका पापुद्रा. वरचा पिवळा भाग आणि तो पापुद्रा दुसऱ्या साध्या नळीत घ्यायचा, लाल थर शक्यतो न खेचता. दुसरी फेरी जोराची. आता तळाशी प्लेटलेटची बारीक गोळी बसते. वरचा दोनतृतीयांश द्रव काढून घ्यायचा, त्यात प्लेटलेट फारशा नसतात. उरलेल्या एकतृतीयांशात गोळी हलक्या हातानं विरघळवली की ती पीआरपी. काढलेला द्रव फेकायचा नाही, ड्रेसिंगचा पहिला थर भिजवायला तो कामी येतो.

यंत्राच्या वेगाबद्दल लहान दवाखान्यांसाठी एक गोष्ट. कागदावर मिनिटाला १५०० फेरे, ३००० फेरे असं लिहिलेलं असतं आणि सगळे तेच आकडे उतरवतात. पण जोर फेऱ्यांवर आणि चकतीच्या त्रिज्येवर, दोन्हींवर ठरतो. त्रिज्या सेंटिमीटरमध्ये घ्या, तिला फेऱ्यांच्या वर्गानं गुणा आणि मग ०.००००१११८ नं गुणा. १० सेंटिमीटरच्या यंत्रात १५०० फेऱ्यांना गुरुत्वाच्या सुमारे २५० पट जोर येतो. ३००० केले की दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे सुमारे १००० पट. मोठ्या, समजा १५ सेंटिमीटरच्या, यंत्रात तेच फेरे दिले तर जोर दीडपट होईल आणि पहिल्याच फेरीत प्लेटलेट लाल थरात जाऊन बसतील. आपल्या यंत्राची त्रिज्या एकदा पट्टीनं मोजून भिंतीवर लिहून ठेवा. आणि आपल्या प्रयोगशाळेत पीआरपीतल्या प्लेटलेट अधूनमधून मोजून घ्या. चौपट झाल्या की नाही ते त्याशिवाय कळत नाही.

काकीच्या पहिल्या खेपेला दुसरी फेरी चालू असताना वीज गेली. नोव्हेंबरात, बाहेर चांगलं ऊन, आणि वीज गेली. यंत्र घरघरत थांबलं, जनरेटर येईतो थर हललेले. ते रक्त वाया. काकीला परत टोचावं लागलं आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी अजून विसरले नाही. आता आम्ही यंत्र इन्व्हर्टरवर लावलं आहे.

तयार पीआरपी फ्रीजमध्ये ठेवत नाहीत. २० ते २४ अंशांची खोली, म्हणजे आमच्याकडे एसी, आणि काही तासांच्या आत वापर. आम्ही तर तासाभरातच वापरतो. "सकाळी शहरात बनवून दुपारी आणून देतो" असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. घाटातले धक्के आणि डिकीतला उकाडा तिला सोसत नाहीत.

जखमेवर घालायच्या दोन रीती, बहुधा दोन्ही एकदम करतात. काही भाग बारीक सुईनं जखमेच्या कडेच्या चांगल्या त्वचेखाली थोड्या थोड्या अंतरावर सोडतात. हे दुखतं, आधी बधिर करायला सांगा. उरलेल्यात दहाला एक या प्रमाणात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. काही मिनिटांत ती गोठते आणि ताडगोळ्यासारखी थरथरायला लागते. कॅल्शियम घातल्यावर मात्र गप्पा मारायच्या नाहीत, कारण प्लेटलेट जागी झाली की तिच्यातला बहुतेक माल पहिल्या दहा मिनिटांतच बाहेर पडतो. तो जखमेवर पडायला हवा, वाटीत नाही.

ड्रेसिंग आणि पावसाळा

वर आधी पॅराफिनची जाळी, मग ओली गॉज, मग कोरडा जाड पॅड, मग बँडेज. बोटं भाजली असतील तर प्रत्येक बोट वेगळं गुंडाळायचं, नाहीतर दोन कच्ची बोटं एकमेकांना चिकटून भरतात. हे ड्रेसिंग तीन ते पाच दिवस उघडायचं नाही.

जाळीचं काम एवढंच की ती चिकटू नये. मुंबईतल्या डॉक्टरांनी त्यासाठी केळीचं पान निर्जंतुक करून वापरून पाहिलं, त्याचे निकालही छापले, आणि ते जखमेला चिकटत नाही असं दिसलं. मला त्याचं कौतुक आहे. पण म्हणून परड्यातलं पान तोडून बांधू नका. यंत्रातून वाफवून निघालेलं पान आणि कावळा बसून गेलेलं पान यांत फरक आहे.

ड्रेसिंग उघडल्यावर जखमेवर पिवळट चकचकीत थर दिसेल. घरचे घाबरतात, "पू झाला". बहुतेक वेळा तो गोठलेला रक्तद्रव असतो, आणि खाली नवी त्वचा सरकत असते. तो खरवडायचा नाही. खरा संसर्ग असा ओळखायचा: घाण वास, पॅडवर हिरवट डाग, कडेला वाढत जाणारी लाली, कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढणं, ताप. यातलं एक जरी असलं तरी पाच दिवस मोजत बसू नका, त्याच दिवशी या.

जून ते सप्टेंबर हे आमच्याकडचं वेगळंच प्रकरण. हवेत एवढा दमटपणा की बँडेज बाहेरून न भिजताही ओलं होतं. पॅडला बाहेरून ओल जाणवली तर तीन दिवस थांबायचं नाही, वरचे थर बदलून घ्यायचे, खालची जाळी तशीच. आंघोळीला हात प्लास्टिकच्या पिशवीत, पण आंघोळ झाली की पिशवी लगेच काढा. पिशवी घालून झोपणारे लोक मी पाहिले आहेत, आत घामानं लोणचं होतं. रात्री मच्छरदाणी, माश्यांसाठीसुद्धा. शेतात, गोठ्यात, होडीवर जखम भरेपर्यंत जायचं नाही. खारं पाणी जखमेला चांगलं असतं असं सांगणारा एक तरी म्हातारा प्रत्येक वाडीत असतो. बंदरातल्या पाण्यात डिझेल आणि माशांची घाण असते, एवढंच त्याला सांगा.

किती वेळा

साधारण आठवड्याच्या अंतरानं, तीन ते सहा खेपा. दर खेपेला त्याच उजेडात, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. त्याहून सोपं म्हणजे स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक जखमेच्या ड्रेसिंगवर नव्हे, उघडल्यावर जखमेच्या जरा वर धरून पेननं कड गिरवायची आणि तारीख घालायची. दोन खेपांनंतर ती रेघ आत सरकलेली नसेल तर तिसरीचे पैसे भरण्याआधी डॉक्टरला विचारा की आता त्वचारोपण का नको. चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही.

पैशांचं काकीला मी सांगितलं ते असं: रक्त तुमचं, पण नळ्या, किट, कॅल्शियम, निर्जंतुक सामान, ड्रेसिंग आणि हात आमचे. खर्च बराचसा किटवर ठरतो. तयार किट महाग, साध्या नळ्यांची रीत स्वस्त, आणि नीट केली तर दोन्ही चालतात. पहिल्याच दिवशी विचारा: किती खेपा धरल्यात, ड्रेसिंग त्यात आहे का, पीआरपीतल्या प्लेटलेट मोजता का, चार डोळ्यांसमोर नळीवर रुग्णाचं नाव लिहिता का. शेवटचा प्रश्न विनोदी वाटेल, पण एका यंत्रात दोघांच्या नळ्या फिरत असतील तर तोच सगळ्यात महत्त्वाचा. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर आधी आरोग्यमित्राच्या टेबलाशी जाऊन भाजण्याच्या उपचारांतलं काय काय बसतं ते लिहून घ्या.

काकीच्या तीन खेपा झाल्या. मनगटावरचा पंजाएवढा भाग तिसऱ्या खेपेनंतर भरला. बोटांच्या मुळांपाशी मात्र एक पट्टा मुळातच खोल होता. त्याची रेघ पहिल्या खेपेनंतरही हलली नाही. त्यासाठी तिला बांबोळीला पाठवलं, तिथे मांडीची पातळ त्वचा लावली. मुलगा हिरमुसला. मला उलट बरं वाटलं, कारण वेळेत गेली.

जखम भरल्यावर

भाजलेल्या माणसाला जसं धरून बरं वाटतं, तसंच ते अंग आखडतं. कोपर भाजलं की तो दुमडून ठेवतो, मान भाजली की उशीवर टेकवतो. म्हणून मानेला उशी नाही, कोपर सरळ, हाताची बोटं सरळ ठेवून मुळाशी वाकलेली आणि अंगठा बाजूला. हात असाच राहावा म्हणून आम्ही रात्री खपाटी, म्हणजे आधाराची पट्टी, बांधतो. दिवसा दर दोन तासांनी बोटं पूर्ण उघडायची, पूर्ण मिटायची, दुखलं तरी. हे पहिल्या आठवड्यापासून, जखम भरण्याची वाट न पाहता. फक्त त्वचा लावली असेल तर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस थांबून.

जखम पूर्ण बंद झाल्यावर, आणि तेव्हाच, खोबरेल. आता हवं तेवढं लावा, घाण्यावरचं असेल तर उत्तम. बोटाच्या पेरानं दाबून, गोल फिरवत, दिवसातून तीन-चार वेळा. व्रण उंच व्हायला लागला तर सिलिकॉनची पट्टी आणि घट्ट बाही दिवसरात्र, कित्येक महिने. ऊन वर्षभर टाळायचं, नाहीतर नवी त्वचा काळवंडते. लांब बाहीचा पोलका पुरतो.

नव्या त्वचेला काजूचा चीक अजिबात सोसत नाही. मार्चमध्ये काकी तपासणीला आली तेव्हा बोटं जवळजवळ पूर्ण मिटत होती, आणि ओल्या काजूगरांचा हंगाम सुरू झालेला. मी तिला बजावलं, यंदा सोलायला बसायचं नाही, राख चोळून नाही आणि तेल लावूनही नाही. तिनं पिशवीतून मोजून शंभर गर काढून टेबलावर ठेवले. मी तिच्या हाताकडे पाहिलं.

"सून सोलता," ती म्हणाली, "मी मोजतंय."